रविवारची फायर होज चाचणी: पाणी किती जाणार?

मीनल (ए-७०३): टँकरवर दिवस काढतोय आणि रविवारी होजची, म्हणजे आग विझवायच्या पाइपची, चाचणी? एका होजमध्ये पाणी मावतं तरी किती?

कुलकर्णी काका (बी-२०१): मीनल, डक्टमधली होज ६३ मिमी व्यासाची, १५ मीटर लांब. व्यास सेंटिमीटरमध्ये घे, वर्ग कर, ०.०७८५ ने गुण; मीटरमागे लिटर मिळतात. इथे ३.१२. म्हणजे अख्ख्या होजमध्ये ४७ लिटर. खरं पाणी जातं नॉझलमधून: तोंड २० मिमी, दाब ३.५ बार, तर मिनिटाला ५०० लिटर. अर्धा मिनिट पुरे. धार बागेत सोडू. हे पाणी फायर टाकीतलं, नळाचं नाही.

सुहास (सी-५०४): काका, ड्रमवरचा लाल पाइप?

कुलकर्णी काका: ती होज रील. १९ मिमी, ३० मीटर, पाणी जेमतेम साडेआठ लिटर. एकटा माणूस असेल तर त्याने हीच ओढावी. रबर जाड असतं, चपटं होत नाही, म्हणून अर्धी ड्रमवर असली तरी पाणी येतं. मोठ्या होजला ते चालत नाही. ती शेवटपर्यंत उलगडायची, पीळ काढायचा, नॉझल लावून घट्ट धरायचं, मगच व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा. एकदा भरली की नुसतं पाणीच ४७ किलो, जागची हलत नाही. वर नॉझल २२ किलोच्या जोराने मागे रेटतं. दोघं नॉझलवर, एक व्हॉल्व्हवर, याहून कमी माणसांत हात घालू नका.

मीनल: आणि मीटर रूममध्ये आग लागली तर?

कुलकर्णी काका: पाणी अजिबात नाही. तिथे सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर.

शिंदे दादा (डी-१०२): सगळ्या मजल्यांवर कपलिंगच्या, म्हणजे होजच्या टोकाच्या जोडाच्या, आतला रबर वॉशर बोटाने चाचपून बघा. तो नसला की पाणी जोडावरूनच फवारतं, पुढे दाबच उरत नाही. कपलिंग बसताना ‘टक्’ आवाज आला पाहिजे, मग एकदा मागे ओढून बघायचं. पंपाचा सिलेक्टर, म्हणजे आपोआप की हाताने चालवायचा ते ठरवणारा खटका, ‘ऑटो’वर आहे ना, तेही पाहा. बऱ्याच ठिकाणी तो ‘मॅन्युअल’वरच पडून असतो.

सुहास: झाल्यावर लगेच गुंडाळून ठेवायची ना?

शिंदे दादा: नको रे! ओली ठेवली की कापडाला बुरशी धरते. जिन्याच्या कठड्यावरून सोडून निथळू दे, सावलीत पूर्ण वाळव. गुंडाळताना दर वेळी घडी जुन्या जागेवरून थोडी सरकव, नाहीतर आतलं रबर तिथेच चिरतं. जुलैचा फॉर्म बी, म्हणजे आग विझवायची यंत्रणा नीट चालू असल्याचा सहामाही दाखला, देण्याआधी हे सगळं उरकू.

मीनल: बरं दादा. सातव्या मजल्याचे वॉशर मी आजच बघते.