ऑटोसस्पेंड बंद करणं हा उपाय नव्हे
लिनक्सवर वेबकॅम मध्येच गायब होत असेल तर ‘ऑटोसस्पेंड = -१’ करा (म्हणजे वापरात नसलेलं यूएसबी उपकरण आपोआप झोपवणं बंद करा), असं सुचवलं जातं. त्याने वेबकॅम गायब होणं थांबेलही, पण त्या एकासाठी लिनक्सवरच्या सगळ्याच यूएसबी उपकरणांची झोप उडते आणि बॅटरी फुकट जाते. आधी कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) लॉग बघा, वेबकॅम झोपेतून जागा होतानाच चूक येते का? तसं असेल तर एलएसयूएसबी या कमांडच्या यादीतून वेबकॅमचे व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडी घ्या, यूएसबीकोअरच्या (कर्नलच्या यूएसबी सांभाळणाऱ्या भागाच्या) क्वर्क्स पॅरामीटरमध्ये, म्हणजे विक्षिप्त उपकरणांसाठीच्या अपवादांत, त्यांच्यानंतर ‘बी’ (रिसेट-रिझ्यूम, जागं होताना उपकरण रिसेट करणं) लावा. चाललं, तर खोट बहुधा वेबकॅमच्या फर्मवेअरची (त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरची). तीच क्वर्कची नोंद पॅच (कोडमधला बदल) करून कर्नलच्या विकासकांकडे पाठवा. जुन्या कर्नलवर सगळं नीट होतं का? मग क्वर्कचं पांघरूण घालू नका. गिट बायसेक्ट करा (दर वेळी निम्मे कमिट, म्हणजे कोडमधले बदल, वगळत चूक शोधा), १००० कमिटमधून दहाएक बिल्डमध्ये दोषी कमिट सापडतो.