संस्थेच्या नावाने क्रेडिट कार्ड घ्यावे का?

धागाकर्ता:
आमच्या सेवाभावी संस्थेच्या पुढच्या बैठकीत संस्थेच्या नावाने क्रेडिट कार्ड घेण्याचा ठराव येणार असून मी त्याच्या बाजूने आहे. आज प्रवासाची तिकिटे, सॉफ्टवेअरचे मासिक शुल्क, शिबिराच्या जागेचे आगाऊ आरक्षण हे सारे कार्यकर्ते स्वतःच्या कार्डावरून भरतात आणि पावत्या जोडून परताव्याची वाट पाहतात. ज्याचे मानधन सर्वांत कमी, तोच संस्थेला बिनव्याजी उसने देतो, आणि परतावा लांबला तर कार्डावरचे व्याजही त्यालाच सोसावे लागते. मला हा अन्याय वाटतो.

प्रतिसाद १:
अन्याय मान्य, उपाय अमान्य. अशा संस्थेला मालक नसतो, भागभांडवल नसते आणि उत्पन्न देणग्या-अनुदानांवर अवलंबून असते. म्हणून पुष्कळदा बँक एखाद्या पदाधिकाऱ्याची वैयक्तिक हमी मागते. मी कोषाध्यक्ष असताना अशी हमी दिली होती. पद सोडले, पण हमी सोडवून घ्यायचे राहिले, आणि पुढे संस्थेची थकबाकी झाली तेव्हा विचारणा माझ्याकडे झाली. पद सोडल्याने हमी आपोआप सुटत नाही, हे मला तेव्हा कोणी सांगितले नव्हते. शिवाय धनादेशावर दोन सह्या लागतात, म्हणजे खर्चाआधीच दुसऱ्याची नजर पडते. कार्डावर ती खर्च होऊन गेल्यानंतर पडते.

प्रतिसाद २:
मग प्रीपेड कार्ड का नको? बँक त्यावर उधार देतच नसल्याने हमीचा प्रश्न उरत नाही आणि नुकसान झालेच तर भरलेल्या रकमेपुरते होते. मात्र हॉटेले आणि गाड्या भाड्याने देणारे अनामत रक्कम रोखून धरतात व बऱ्याचदा असे कार्ड नाकारतात, ही त्याची खरी अडचण आहे. डेबिट कार्डाचा पर्याय मला धोक्याचा वाटतो, कारण फसवणूक झाली तर पैसा थेट खात्यातून जातो आणि तक्रारीचा निकाल लागेपर्यंत पगारही अडकू शकतात.

धागाकर्ता:
हमीचा मुद्दा मला पटला. ठरावात आता वैयक्तिक हमीऐवजी मुदत ठेवीच्या तारणावर कार्ड घेण्याची सूचना मी करणार आहे. दर महिन्याची पूर्ण थकबाकी देय तारखेआधी खात्यातून आपोआप भरली जावी, कारण काही रक्कम बाकी ठेवली की व्याजमुक्त मुदत सहसा हातची जाते आणि खरेदीच्या तारखेपासून व्याज लागते. रोख रक्कम काढण्याची सोय बंदच असावी. विक्रेत्याच्या व्यवसायाला चार आकडी वर्गसंकेत असतो. त्यावरून बँक नको ते खर्चप्रकार रोखू शकते, म्हणजे निदान काही तपासणी खर्चाआधी होईल. कार्ड वापरणाऱ्याने स्वतःच्या खर्चाला स्वतः मंजुरी देऊ नये, आणि बक्षीस गुण संस्थेच्याच नावावर जमा व्हावेत.

प्रतिसाद १:
या अटी योग्य आहेत, तरी एक गोष्ट सुटली. विशिष्ट प्रकल्पासाठी दिलेले अनुदान तारण ठेवता येणार नाही. देणगीदाराने ते त्या कामासाठीच दिलेले असते. कार्ड थकले तर बँक ठेव वळती करून घेईल आणि प्रकल्पाचा पैसा भलत्याच खर्चात जाईल. ठेव कोणत्या निधीतून ठेवणार, हे ठरावात लिहिलेले नसेल तोवर माझा विरोध कायम आहे.