कॅमेऱ्यापेक्षा जामिनाची धास्ती मोठी

वस्तीत खून झाल्यावर लोकांची भीती कशी घालवायची, या चर्चेत कुणीतरी "गल्लीत कॅमेरे लावा, भीती आपोआप जाईल" असं म्हटलंय, ते मला अर्धंच पटलं. आमच्या लेआउटमध्ये खून झाला तेव्हा आठवड्याभरात चार कॅमेरे आले, तरी नऊनंतर शतपावलीला कुणी निघेना. दिसेल नं कॅमेऱ्यात, पण झाल्यावर! खरी धास्ती आरोपी जामिनावर सुटून येईल याची होती. नागपुरातल्या कस्तुरबा नगरच्या बायांनी १३ ऑगस्ट २००४ ला वस्तीला छळणाऱ्या अक्कू यादव या गुंडाला कोर्टातच संपवलं, त्यामागेही तो पुन्हा सुटेल हीच भीती होती.

साक्षीदार संरक्षण योजनेचं इथे कुणीच लिहिलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती देशभर लागू केली. धमक्या येत असतील तर साक्षीदाराला जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करता येतो. पोलिसांचा अहवाल मागवून घराभोवती गस्त, आरोपीसमोर न येता साक्ष, असं काही मिळू शकतं. आमच्या खटल्यात साक्षीदार असलेल्या शेजारच्या काकूंनी वकिलाकरवी अर्ज केला. मग बीट मार्शल, म्हणजे गस्तीवरचा पोलीस, रोज संध्याकाळी त्यांच्या फाटकाशी थांबू लागला, आणि पंधरा दिवसांत पोरांनी ओट्यावर कॅरम पुन्हा मांडला. कॅमेरे तेच होते, त्यातला एक तर बंदच.