पावसाळ्यात ह्युमिडॉरचा काटा ७६ वर, पाकिटं बदलू की डबा?

प्रश्न (दमट_ठाणे):
५० सिगार मावतील असा लाकडी ह्युमिडॉर (सिगार ठराविक ओलाव्यात ठेवायचा डबा) आहे, आतून स्पॅनिश सीडरचं लाकूड. सध्या आत २२ सिगार आणि ६९ टक्क्यांची ६० ग्रॅमची दोन टू-वे पाकिटं (गरजेप्रमाणे ओल शोषणारी आणि सोडणारी) आहेत. मे महिन्यात आर्द्रता ६७ च्या आसपास होती, जुलै लागल्यापासून ७६. दिवसा खोलीचं तापमान ३०, रात्री एसी लावला की २४. दोन सिगारचे रॅपर (सर्वात बाहेरचं पान) पेटवायच्या टोकाला तडकलेत. पाकिटं बदलू? की सगळं फ्रिजमध्ये ठेवू?

मीठ_पाणी:
आधी हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) खरं बोलतोय का ते बघा. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, थेंब थेंब पाणी टाकून ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळून पाणी झालं तर पुन्हा करा. झाकण आणि हायग्रोमीटर एकाच झिप पिशवीत १२ तास बंद ठेवा, ७५ दिसायला हवा. ७८ दिसला तर यापुढे प्रत्येक आकड्यातून ३ वजा. डब्याच्या दर्शनी भागावरचा पितळी काटा असेल तर तो शोभेचाच समजा.

फ्रिज नको. फ्रॉस्ट-फ्री फ्रिज हवा कोरडी करतो, शिवाय लसणीचा वास सिगारला लागला की जात नाही.

सीडर_सुतार:
दोष बहुधा झाकणाचा. दहाची नोट झाकणात धरून चारही बाजूंनी ओढून पाहा, जिथे सहज सुटते तिथून हवा आत येते. मग पाकिटं चाचपा. फुगून पाण्यासारखी लिबलिबीत झाली असतील तर त्यांनी पोटभर ओल प्यायली आहे, आणखी ओढणार नाहीत. ६५ ची नवी घाला आणि पावसाळाभर सिगार रबरी कड असलेल्या, क्लिपांच्या प्लास्टिक डब्यात हलवा. सोबत सीडरची एखादी फळी टाका. लाकडी डब्याचा हट्ट ऑक्टोबरपर्यंत सोडा.

रॅपर तडकतात कारण आतलं पान ओलीने फुगतं आणि वरचं पातळ पान तेवढं ताणत नाही. बाभळीच्या खायच्या डिंकाचं पातळ पाणी बोटाने लावलं की चीर बसते.

किडा_शोधक:
७६ पेक्षा मला ३० अंशांची काळजी वाटते. तंबाखूच्या भुंगेऱ्याची अंडी पानातून येऊ शकतात आणि साधारण २४ च्या वर ती उबण्याचा धोका वाढतो. टाचणीने टोचल्यासारखी भोकं आणि खाली बारीक भुकटी दिसते का बघा. दिसली तर सगळे सिगार दोन झिप पिशव्यांत, एकात एक, घालून फ्रिजमध्ये एक दिवस, उणे १८ च्या फ्रीझरमध्ये किमान ३ दिवस, परत फ्रिजमध्ये एक दिवस. पिशवी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडायची, नाहीतर गार रॅपरवर पाणी धरतं.

रोजच्यासाठी: डबा एसीच्या झोताखाली किंवा बाहेरच्या भिंतीला नको, आतल्या कपाटात खालच्या कप्प्यात ठेवा. खिडक्या उघड्या असताना झाकण उघडू नका. बाहेरची ३० अंशांची, ८० टक्के दमट हवा २२ अंशांपर्यंत गार झाली की तिच्यातली वाफ मावत नाही, पाणी सुटतं. एसी तासभर चालू राहिल्यावर उघडा.

दमट_ठाणे:
मीठचाचणीत ७९ आला, म्हणजे खरी आर्द्रता ७२. नोट पुढच्या उजव्या कोपऱ्यात सरळ निसटते. भोकं नाहीत.

सीडर_सुतार:
मग गळती तिथेच. त्या कोपऱ्यात आतल्या पट्टीमागे पातळ सीडरची चीप सरकवून नोट पुन्हा ओढा. सरस किंवा सिलिकॉन मात्र नको, वास बसतो.