समावेशन या विषयात डॉक्टरेट: एड.डी. की पीएच.डी.? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, नोकरी सांभाळून शैक्षणिक नेतृत्वात डॉक्टरेट करायचं डोक्यात आहे, फोकस इक्विटी आणि इन्क्लुजन, पण एड.डी. (डॉक्टर ऑफ एज्युकेशन) की पीएच.डी. इथेच गाडी अडलीय. पीएच.डी.त थिअरीत भर घालायची आणि एड.डी.त आपल्याच कामातला एखादा प्रश्न धरून बदल करून बघायचा, एवढं कळलंय. एड.डी.ला नवं रूप द्यायला २००७ साली अमेरिकेत जो कार्नेगी प्रोजेक्ट सुरू झाला त्याच्या पहिल्याच तत्त्वात समता, नीती आणि सामाजिक न्याय आहे, म्हणून मन तिकडे ओढतंय.

माझा संशोधनाचा प्रश्न साधा आहे. विशेष गरजा असलेली मुलं वर्गात बसतात, हजेरी लागते, रिपोर्टात ‘समावेशन झाले’ असं लिहूनही होतं, पण गट पाडा म्हटलं की ती मुलं शेवटपर्यंत उभीच, कोणी घेतच नाही. हे बदलायला शाळेचं नेतृत्व काय करतं (किंवा करत नाही) ते शोधायचंय.

घोळ असा की अभ्यास माझ्याच शाळेत आणि मुलाखती माझ्याच हाताखालच्या शिक्षकांच्या, मग ते मोकळं बोलतील का? सगळे गोड गोडच सांगणार. एथिक्स कमिटी (संशोधन नीतीला धरून आहे का ते तपासणारी समिती) अशा वेळी काय अट घालते, मुलाखती तिसऱ्या माणसाने घेतल्या तर चालतं का, की सरळ दुसरी शाळा निवडावी? आणि पुढेमागे प्राध्यापकी करायची झाली तर एड.डी. आड येते का? कोणी केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा, गाईड कसा निवडला तेही.