फँटसी वाचणं म्हणजे पळपुटेपणा? ज्यांनी लिहिलंय त्यांना उत्तर

रातपाळी
काल इथल्याच "सध्या काय वाचताय" धाग्यात एकांनी लिहिलं की फँटसी हे वाढ खुंटलेल्या वाचकांचं खाद्य आहे, तीच तलवार, तोच ड्रॅगन, तोच नशिबाने निवडलेला पोरगा, पंचविशी उलटलेल्या माणसाने हे वाचणं म्हणजे जगापासून पळणं. डोकं तापलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

तोच ड्रॅगन हे दोन सिनेमे बघून थांबलेला माणूस म्हणतो. टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाच्या डिस्कवर्ल्ड या फँटसी मालिकेची ४१ पुस्तकं आहेत, त्यात टपालखातं आहे, छापखाना आहे, बँक आहे, पोलीस चौकी आहे. त्या चौकीचा कप्तान सॅम व्हाइम्स, पगार महिना ३८ डॉलर. चांगले बूट ५० डॉलरला, ते वर्षानुवर्षं टिकतात. याला परवडतात १० डॉलरवाले, एकदोन मोसमात तळाचा पुठ्ठा गेला की पाणी आत. म्हणजे ५० वाला एकदाच ५० देऊन दहा वर्षं कोरड्या पायांनी फिरतो आणि गरीब तेवढ्या काळात १०० घालवतो, तरी पाय ओलेच. हे मी चाकणला रात्रपाळीत वाचलं. पायात बाजारातले सगळ्यात स्वस्त सेफ्टी शूज, कारण आम्हा कंत्राटी पोरांना कंपनी बूट देत नव्हती, पर्मनंटवाल्यांना मिळायचे. टाचेपाशी सोल सुटलेला, तो मी फेविक्विकने चिकटवायचो आणि कूलंटवर पाय पडला की परत सुटायचा. गरिबी महाग पडते हे मला एकाही वास्तववादी कादंबरीने इतकं सरळ दाखवलेलं नाही. आता सांगा मी कुठे पळालो?

गोदाकाठ
मूळ पोस्ट माझी नाही पण बाजू थोडी माझीच आहे. बुटांचं पटलं. पण ते सांगायला डिस्कवर्ल्डमधलं ते कासव, त्यावर चार हत्ती आणि त्यावर चपटं जग हवंच कशाला? कामगारावर लिहायचंय तर कामगारावर लिहा.

आणि माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. टोल्किनचं लॉर्ड ऑफ द रिंग्ज तीनदा हातात घेतलं, तीनदा ठेवलं. ऑर्क नावाची अख्खी जमात जन्मतःच दुष्ट, दिसल्या की कापा, कुणाला वाईट वाटायचं कारण नाही. "ती जातच तसली" हे वाक्य गावात ऐकत वाढलोय मी, पाणी भरताना ऐकलंय. ज्याने 'बलुतं' वाचलंय त्याला हे करमणूक म्हणून गिळायला सांगू नका.

ग्रंथपाल_मावशी
गोदाकाठ, तुमच्या दुसऱ्या मुद्द्यावर विचार करून लिहीन, तो हलका नाहीये. पहिल्यावर आत्ताच बोलते कारण आमच्या वाचनालयात रोजचा त्रास आहे. फँटसी आली की कार्यकारिणी म्हणते बालविभागात टाका. मग चाळिशीतला माणूस तिथे जायला लाजतो, पुस्तक इश्यू होत नाही, आणि वर्षअखेरीला तेच लोक म्हणतात मागणी नाही, पुढची खरेदी बंद. आणि 'ययाति' कुठे? दर्शनी कपाटात! १९५९ची कादंबरी, खांडेकरांना ज्ञानपीठ मिळालं त्यावर. त्यात शाप लागतो, राजा एका क्षणात म्हातारा होतो, आणि मुलगा बापाचं म्हातारपण अंगावर घेतो. हे कुठलं वास्तव हो? जी. ए. कुलकर्णींचं 'रमलखुणा' घ्या, 'इस्किलार' आणि 'प्रवासी' या दोन्ही कथांतल्या जागा कुठल्या नकाशात सापडणार? त्याला मात्र श्रेष्ठ साहित्य म्हणायचं.

पंढरीची_वाट
मावशी, वयाने मोठ्या असाल म्हणून सांभाळून बोलतो, पण ययातीची कथा महाभारतातली आहे. आमच्या पुराणांना ड्रॅगनच्या गोष्टींच्या रांगेत बसवू नका. कोणीतरी इंग्लंडात बसून रचलेलं आणि आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या भक्तीने ऐकलेलं एक कसं?

ग्रंथपाल_मावशी
मी पोथीबद्दल एक अक्षर बोलले का? १९५९च्या कादंबरीबद्दल बोलले. माझी आई चातुर्मासात पोथी लावायची, मीच वाचून दाखवायचे, मला भक्ती शिकवू नका.

पंढरीची_वाट
कादंबरीतला शाप रूपक आहे. भोगाची हाव कशी संपत नाही ते सांगायला.

रातपाळी
मग ड्रॅगनला रूपक व्हायला बंदी आहे का राव? तुम्ही आत्ता जे म्हणालात तेच मी वर बुटांबद्दल म्हणतोय. गोदाकाठ दादांनी विचारलेलं ना, चपटं जग कशाला? खांडेकरांना शाप ज्यासाठी लागला त्याचसाठी. नुसता म्हातारा बाप आणि नुसता तरुण मुलगा घेतला असता तर एकाने दुसऱ्याचं आयुष्य खाल्लं हे असं डोळ्यांसमोर आलं नसतं.

पंढरीची_वाट
तो मुद्दा मान्य. पुराणांना फँटसी हा शब्द लावणं मान्य नाही, आणि होणारही नाही.

पैठणी_नव्हे_पैठणकर
भांडताय ते ठीक, पण हे सगळं परदेशातून आलं असं का गृहीत धरताय? आमच्या पैठणचं बघा. सातवाहन राजाच्या दरबारातला गुणाढ्य, त्याने पैशाची नावाच्या प्राकृत भाषेत बृहत्कथा लिहिली, सात लाख श्लोक, आणि तेही रक्ताने, अशी आख्यायिका आहे. विद्याधरांच्या, म्हणजे आकाशात उडणाऱ्यांच्या गोष्टी. राजाने भाषेला नाक मुरडून परत पाठवली. मग गुणाढ्य रानात अग्नी पेटवून बसला, एकेक पान हरणाडुकरांना वाचून दाखवायचं आणि जाळायचं. जनावरं चरायची सोडून रडत ऐकत बसली, इतकी वाळली की राजाच्या ताटात सुकं मांस यायला लागलं, तेव्हा कुठे चौकशी झाली. राजा धावत पोचला तोवर सहा लाख श्लोक जळलेले. उरलेल्या एक लाखाची परंपरा सांगत अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवाने कथासरित्सागर केला, वेताळपंचविशी त्यातच आहे. चांदोबातला वेताळ लहानपणी सगळ्यांनी वाचलाय की. ही आवड उसनी नाही, आपल्याच मातीतली आहे, आणि तिला नाक मुरडणारेही तेव्हापासूनच आहेत.

अर्धवट_वाचक
माझं दुखणं कोणीच काढत नाहीये. गेम ऑफ थ्रोन्सवाल्या मार्टिनसाहेबांच्या मालिकेचं पाचवं पुस्तक २०११ला आलं, सहाव्याचा पत्ता नाही. हजार हजार पानं, शेकडो नावं लक्षात ठेवायची आणि शेवटच नाही! वाचकाच्या वेळेची काही किंमत आहे की नाही? एका पुस्तकात संपणारी फँटसी सांगा, नाहीतर मी मूळ पोस्टवाल्याच्या बाजूने.

रातपाळी
अर्सुला ले ग्विन या लेखिकेचं अ विझर्ड ऑफ अर्थसी घ्या, १९६८चं. मालिका आहे पण हे पहिलं पुस्तक स्वतःपुरतं पूर्ण आहे आणि छोटं आहे. नायकाचा रंग तांबूस तपकिरी, सैन्यांची मोठमोठी युद्धं नाहीत. गर्वापोटी पोराने स्वतःच एक काळी सावली जगात सोडलीय, आधी तिच्यापासून पळतो, मग तिच्या मागे लागतो.

ग्रंथपाल_मावशी
गोदाकाठ, आता तुमचं. ऑर्कबद्दल तुमचा राग मला खोडता येत नाही, आणि खोडायचाही नाही. खुद्द टोल्किनलाही ती जमात पूर्ण दुष्ट कशी असू शकते हा प्रश्न उतारवयापर्यंत सुटला नव्हता. पण तो अख्ख्या प्रकाराचा गुन्हा नाही. एन. के. जेमिसिन या कृष्णवर्णीय लेखिकेची ब्रोकन अर्थ नावाची तीन पुस्तकं आहेत. भूकंप थांबवायची ताकद घेऊन जन्मलेली माणसं, आणि जन्मामुळेच सगळे त्यांना भितात, त्यांच्यासाठी एक शिवी ठरलेली, पोरं सापडली की मारतात नाहीतर नेऊन जुंपतात. जगाला त्यांच्यावाचून भागत नाही आणि जग त्यांना माणूस मानत नाही. २०१६, १७, १८, सलग तीन वर्षं ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथा-फँटसीचा मोठा पुरस्कार, मिळाला. आणि गोष्ट त्या माणसांच्या बाजूनेच सांगितलीय त्यात.

गोदाकाठ
भागत नाही आणि माणूसही मानत नाही, हे ओळखीचं आहे. मराठीत आहे का? नसेल तर इंग्रजी वाचेन, वेळ लागेल. बाकी ऑर्कबद्दल माझं मत तेच, एका लेखिकेने चांगलं लिहिलं म्हणून आधीच्याचं माफ होत नाही. आणि मावशी, हे बालविभागात ठेवू देऊ नका.

ग्रंथपाल_मावशी
मराठीत मला अजून दिसलं नाही. रविवारी खरेदीची मीटिंग आहे. पहिल्या भागाची इंग्रजी प्रत यादीत घालतेय, कपाटावरून भांडण होणार हे ठरलेलंच. तुम्ही मागणीची चिठ्ठी लिहून पाठवा, तेवढाच कागद माझ्या हातात असेल.