बागेत लाकडी गझिबो बांधायचा आहे: आकार, लाकूड आणि पाया याबद्दल सल्ला हवा

अंगणजाई
नमस्कार मंडळी. घरामागच्या बागेत लाकडी गझिबो, म्हणजे खांबांवर छप्पर असलेला उघडा मंडप, बांधायचं आम्ही भावंडांनी ठरवलं आहे. मोकळी जागा साडेचार मीटर लांब आणि चार मीटर रुंद. जमिनीला किंचित उतार आहे. एका कडेला जुनं मोठं झाड आहे, ते काही झालं तरी तोडायचं नाही. चौघांना टेबलाभोवती ऐसपैस बसता यावं आणि पाऊस आला तरी उठावं लागू नये, एवढीच अपेक्षा. आईबाबांना रोज तिथे बसता यावं म्हणून हे करतोय, त्यामुळे दोन वर्षांत डुगडुगायला लागेल असं काही नको. दादाचा हात लाकडावर चांगला बसलेला आहे. कपाटं, पलंग, दारं त्याने केली आहेत, पण उघड्यावर ऊनपाऊस सोसत उभं राहणारं काम हे पहिलंच.

विचारायचं असं: षटकोनी करावा की चौकोनी, आणि माप किती? लाकूड कोणतं? खांब सरळ काँक्रीटमध्ये गाडायचे का? तयार किट मिळतात, ती घेण्यात अर्थ आहे का?

भूमितीप्रेमी
मापाची सुरुवात खुर्च्यांपासून करा. चौघांचं गोल टेबल सुमारे १२० सेंमी व्यासाचं असतं. खुर्ची मागे सरकवून उठायला ७५ सेंमी लागतात, आणि बसलेल्याच्या मागून कुणाला जायचं असेल तर ९० सेंमी. म्हणजे आतली मोकळी जागा ३ मीटर हवी.

षटकोनात इथेच फसगत होते. 'तीन मीटरचा षटकोनी गझिबो' असं म्हणतात तेव्हा बहुतेकदा ते माप कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं असतं. त्याच गझिबोत बाजूपासून समोरच्या बाजूपर्यंत फक्त २.६ मीटर उरतात. क्षेत्रफळही ५.८५ चौरस मीटरच भरतं, तीन बाय तीनच्या चौकोनात ९ भरतं. तुम्हाला षटकोनी हवा असेल तर बाजू १.७५ मीटरची धरा. कोपरा ते कोपरा ३.५ मीटर, बाजू ते बाजू ३.०३ मीटर. छपराची पागोळी (खांबांबाहेर येणारी कड) चहूबाजूंनी ३० सेंमी बाहेर काढली तरी सगळं मिळून ४.२ बाय ३.६३ मीटरमध्ये बसतं. तुमच्या जागेत हे जेमतेम पण नीट मावेल.

आखणी सोपी आहे. मधोमध खुंटी ठोका, १.७५ मीटर दोरीने वर्तुळ काढा आणि तीच दोरी परिघावर सहा वेळा टाका. षटकोनाची बाजू आणि त्रिज्या सारखीच असते, त्यामुळे सहाव्या वेळी दोरीचं टोक सुरुवातीच्या खुणेवर यायला हवं. मग समोरासमोरच्या खुंट्यांमधली तिन्ही अंतरं मोजा, तिन्ही ३.५ मीटर भरली पाहिजेत.

सावली
मी चौकोनीच्या बाजूने आहे. चार खांब, चार खड्डे, सगळे काप काटकोनात. षटकोनात तुळयांचे सांधे ३० अंशांत कापावे लागतात. सहा सांध्यांचे बारा काप झाले. करवत अर्धा अंश जरी एकाच बाजूला चुकत असेल तरी शेवटच्या सांध्यापर्यंत सहा अंशांची फट जमते. शिवाय तिरक्या कापात लाकडाची तूट जास्त.

भूमितीप्रेमी
सावली, मुद्दा बरोबर आहे, पण दुसरी बाजूही बघा. चौकोनात तुळई तीन मीटर अंतर पेलते, इथे पावणेदोन. सारख्या पसरलेल्या भाराखाली तुळईवरचा वाकण्याचा ताण अंतराच्या वर्गाने वाढतो, म्हणजे जवळजवळ तिप्पट. चौकोनाला जाड आणि उंच तुळया लागतात, त्या कोरड्या, सरळ आणि बिनगाठीच्या मिळणं सोपं नाही. आणि ज्यांनी कपाटाची दारं बसवली आहेत त्यांना ३० अंशांचा काप जड जाणार नाही. आधी टाकाऊ फळीचे सहा तुकडे कापून जमिनीवर कडं जुळवून बघायचं. ते मिटलं की करवतीचा कोन तिथेच पक्का करून ठेवायचा.

जुना रंधा
अंगणजाई, तिसरा प्रश्न मी आधी घेतो, कारण गझिबो किती वर्षं टिकणार हे खांबाच्या खालच्या वीतभर भागात ठरतं.

खांब काँक्रीटमध्ये गाडू नका. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलही लागते आणि हवाही. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी धरत नाही. कायम पाण्याखाली बुडालेलं लाकूडही सहजी कुजत नाही, कारण तिथे हवा नाही. दोन्ही एकत्र मिळतात ते बरोबर जमिनीच्या पातळीला. गाडलेला खांब ओला होऊन फुगतो, वाळून आकसतो, आणि त्याच्याभोवती काँक्रीटमध्ये फट पडते. मग ते काँक्रीट पेल्यासारखं पाणी धरून ठेवतं. अशा कुजलेल्या खांबांच्या दुरुस्त्या मी बऱ्याच केल्या आहेत. वरचा खांब टणटणीत आणि बुडाशी पटाशी हाताने दाबली तरी आत जाते, हेच दरवेळी दिसतं.

प्रत्येक खांबाखाली स्वतंत्र काँक्रीटचा ठोकळा भरा. त्याचा माथा जमिनीपासून ८ ते १० सेंमी वर ठेवा आणि पाणी वाहून जाईल असा बाहेरच्या बाजूंना उतरता करा. त्यात जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी बूट (खांबाचं बूड धरणारी बैठक) बसवा आणि खांब बुटात असा उभा करा की खांबाचं बूड आणि काँक्रीट यांच्यात तीनेक सेंमी मोकळी हवा राहील. खांबाचा आडवा कापलेला तोंडाचा भाग बाजूंपेक्षा कितीतरी पटींनी पाणी ओढतो. म्हणून बूड कापल्यावर लाकूडरक्षक औषधाच्या बादलीत रात्रभर बुडवून ठेवा, नुसता ब्रश फिरवून भागवू नका.

आता यातली अडचण. गाडलेला खांब स्वतःच्या बळावर ताठ राहतो, बुटातला खांब बिजागरीवर असल्यासारखा हलू शकतो. तो ताठपणा वरून द्यावा लागतो. प्रत्येक खांबापासून दोन्ही बाजूंच्या तुळयांना ४५ अंशांत तिरपे टेकू द्या. सांध्यापासून निदान ६० सेंमी अंतरावर ते येऊ द्या, त्याहून आखूड टेकू दिसायला छान पण कामाला कमी. पाच बाजूंना कठडा करणार असाल तर तोही खांबांना बोल्टने जखडा, त्याचाही आधार मिळतो.

खांब १० बाय १० सेंमीपेक्षा बारीक नकोत, माझ्या मते १२ बाय १२ घ्या. टेकूंचे सांधे दादाला येत असतील तर कुसू आणि खोबणीचे (एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून) करावेत. नुसत्या स्क्रूवर टेकू ठेवले की लाकूड आकसल्यावर ते सैल पडतात.

ओळंबा
काकांच्या सगळ्या म्हणण्याशी सहमत. पायाबद्दल एक भर घालतो. गझिबोचा पाया छपराचं ओझं पेलण्यासाठी फारसा लागत नाही, छप्पर उडू नये म्हणून लागतो. सगळ्या बाजू उघड्या असल्याने वारा खालून शिरून छप्पर वर उचलतो.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ताशी १०८ किमी वाऱ्यात दर चौरस मीटरला साधारण ५५ किलो दाब येतो. ४० मीटरला, म्हणजे ताशी १४४ किमीला, तो ९८ किलो होतो. वर दिलेल्या मापाचं छप्पर पागोळ्यांसकट वरून सुमारे ११.४ चौरस मीटर भरतं. सगळा दाब वरच्या दिशेने धरला तर ढोबळमानाने ११०० किलोंची ओढ झाली. काँक्रीटचं वजन घनमीटरला सुमारे २४०० किलो. ठोकळा ४५ सेंमी लांब-रुंद आणि ६० सेंमी खोल केला तर एकाचं वजन २९० किलो, सहांचं १७५० किलो. म्हणून मी यापेक्षा लहान खड्डा सुचवणार नाही. जिथे थंडीत जमीन गोठते तिथे पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो, ते वेगळं.

पण वजन असून उपयोग नाही, जर मधली साखळी तुटकी असेल. वासा तुळईला, तुळई खांबाला, खांब बुटाला, बूट काँक्रीटला: प्रत्येक जोड वर ओढला तर सुटणार नाही असा हवा. नुसते खिळे ओढीला सुटतात, लाकडाच्या तोंडात ठोकलेले तर फारच लवकर. पट्ट्या आणि आरपार बोल्ट वापरा, बोल्टला मोठे वॉशर द्या.

खणण्याआधी तिथून पाण्याची, वायूची किंवा विजेची लाइन जात नाही ना हे बघा. बांधकामाला परवानगी लागते का, हद्दीपासून किती अंतर सोडायचं, हेही तुमच्याकडच्या नियमांप्रमाणे आधीच विचारून घ्या.

अंगणजाई
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! काका, बुटाचं पक्कं. षटकोनीच करायचं ठरतंय, दादा तुकडे कापून कडं जुळवायला बसलासुद्धा. झाडाच्या बाजूचा एक खड्डा मुळांवर येईल अशी भीती वाटते. आणि उतारामुळे सहाही ठोकळे एका पातळीत कसे आणायचे?

जुना रंधा
षटकोन खुंटीभोवती फिरवता येतो. पंधरा-वीस अंश फिरवून बघा, कदाचित सगळे खड्डे मुळांपासून सुटतील. फिरवल्यावर पागोळ्यांचे कोपरे जागेबाहेर जात नाहीत ना, तेवढं पुन्हा मोजा. त्या बाजूला कुदळ न मारता हाताने, खुरप्याने खणा. मनगटाएवढं मूळ लागलं तर खड्डा सरकवा, मूळ कापू नका. आणि गझिबोवर येणारी वाळकी फांदी बांधायच्या आधी काढून घ्या.

ठोकळे एका पातळीत आणायची गरज नाही. प्रत्येक ठोकळा आपापल्या जमिनीपासून सारखा वर ठेवा आणि खांब कमी-जास्त लांबीचे कापा. एका पातळीत यायला हवेत ते खांबांचे माथे. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकं दोन खांबांना धरा, पाण्याची रेघ जिथे येईल ती एक पातळी. तीन-साडेतीन मीटरवर छोट्या पाणसळीपेक्षा हे जास्त भरवशाचं. तुळईच्या खालून डोक्याला निदान २.१ मीटर मोकळे ठेवा.

सावली
लाकडाबद्दल मी सांगते. नुसतं जातीचं नाव विचारून घेऊ नका, गाभ्याचं आहे का ते बघा. सागवान टिकतो तो त्याचा गाभा टिकतो म्हणून. बाहेरचा पांढुरका भाग सागाचा असला तरी कीड आणि कूज त्याला धरतेच. लवकर वाढवलेल्या कोवळ्या सागात तो भाग जास्त असतो. देवदाराचा गाभाही चांगला आणि वजनाला हलका, वाशांना सोयीचा. चीड (पाइन) स्वस्त पडतो, पण दाबाखाली औषध मुरवलेलाच घ्या. तो कापलात की आतला औषध न पोचलेला भाग उघडा पडतो, त्या प्रत्येक कापाला औषध परत लावायला हवं. त्याचा भुसा नाकात जाऊ देऊ नका आणि तुकडे जाळू नका. औषधात तांबं असतं, त्याने साधे खिळे-स्क्रू गंजतात. स्टेनलेस किंवा जस्ताचा जाड मुलामा असलेलेच वापरा.

किटबद्दल थोडक्यात: खांब किती जाड आहेत, टेकू आहेत का आणि जमिनीला जखडायची सोय काय दिली आहे, एवढं विचारा. तिन्हींची उत्तरं चांगली असतील तर किटही वाईट नाही.

ओळंबा
शेवटी वॉर्निश नको. बाहेर उन्हाने आणि लाकडाच्या आकसण्या-फुगण्याने त्याला बारीक तडे जातात, आत पाणी शिरून तिथेच अडकतं आणि पापुद्रे सुटतात. मग सगळं खरवडल्याशिवाय नवा हात देता येत नाही. लाकडात मुरणारं, रंगछटा असलेलं तेल लावा. छटा असली की ऊन थोडं अडतं. ते फिकं पडलं की धुऊन वरून पुन्हा लावता येतं. अळशीचं तेल वापरलंत तर चिंध्यांची काळजी घ्या. तेलात भिजलेल्या चिंध्या गोळा करून टाकल्या तर आपोआप तापून पेट घेतात. त्या उघड्यावर पसरून पूर्ण वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

अंगणजाई
दादाने केलेलं कडं पहिल्या फेरीत किंचित उघडं राहिलं, दुसऱ्या फेरीत मिटलं! आता छपराचं अडलंय. उतार ३० अंश धरला आहे. कोपऱ्यातले वासे त्याच कोनात कापायचे ना?

भूमितीप्रेमी
नाही, तिथे थांबा! ३० अंश हा छपराच्या त्रिकोणी पाखीचा (उतरत्या बाजूचा), मधोमध मोजलेला उतार आहे. कोपऱ्यातला वासा तेवढ्याच उंचीला जास्त अंतर कापून पोचतो, म्हणून त्याचा उतार कमी, साधारण २६.६ अंश. षटकोनात ३० अंशांच्या पाखीला हे प्रमाण बरोबर दोनाला एक असं येतं, त्यामुळे गुण्यावर (सुताराच्या काटकोनी पट्टीवर) आखायला सोपं. तुमच्या मापात केंद्रापासून पागोळीच्या कोपऱ्यापर्यंत आडवं अंतर २.१ मीटर, चढ १.०५ मीटर, वाशाची लांबी सुमारे २.३५ मीटर. त्यातून मधल्या षटकोनी ठोकळ्याची जाडी वजा करा.

जुना रंधा
तो मधला ठोकळा अखंड लाकडाचा घ्या, सहा वासे त्याच्या सहा बाजूंना येऊन भिडतात. वजन आलं की वासे खांबांचे माथे बाहेर ढकलतात. ती ढकल तुळयांचं कडं अडवतं, म्हणून खांबांच्या माथ्यावर तुळयांचे सांधे लोखंडी पट्टीने एकमेकांना बांधा. ही पट्टी पूर्ण छप्पर चढण्याआधी लागली पाहिजे.

वासे एकेक करून चढवू नका. समोरासमोरचे दोन वासे आणि मधला ठोकळा खालीच जोडा, दोघा-तिघांनी मिळून उचला, टेकू देऊन उभे करा आणि ओळंबा धरून ठोकळा बरोबर खुंटीच्या वर आहे का बघा. उरलेले चार मग जोडीजोडीने. फळ्या पागोळीकडून वर लावत या, वरची खालचीवर चढलेली. टोकाला जस्ताच्या पत्र्याची टोपी बसवा. खांबांना लावलेले तात्पुरते टेकू सहाही पाखी फळ्यांनी भरेपर्यंत काढायचे नाहीत, मग ते वाटेत कितीही येत असोत.